खुंट्याला दुसरा हात

तेल्याचा घाणा होता, कुंभाराचा आवा होता, लोहाराचा भाता होता. न्हाव्याची धोपटी आणि चांभाराची रापी गावाच्या ओळखीची होती, आणि सुगी झाली की या सगळ्यांचा वाटा खळ्यावरच मोजून दिला जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून ही व्यवस्था कागदावर मांडली. बारा बलुतेदारांच्या याद्या प्रांतागणिक थोड्या बदलतात; कुठे कोळी येतो, कुठे मुलाणी, कुठे सोनार. अशा याद्या मी किती वेळा वाचल्या असतील, पण त्यांत काय नाही हे फार उशिरा ध्यानात आलं. दोन वेळा भाकरी खाणाऱ्या गावात भाकरीचं पीठ दळून देणारा बलुतेदार नाही. अलुतेदारांतही नाही. तेल काढायला जात आहे, दळायला नाही.

कारण उघड आहे. दळणारी घरोघरी होती. ती सून म्हणून आलेली होती आणि सुनेला बलुतं द्यावं लागत नाही.

हे पुस्तक पिठाच्या गिरणीवाल्यांविषयी आहे. तरी त्याची प्रस्तावना घरातल्या जात्यापासून करावी लागते, ती यामुळे. गिरणीवाल्याचा धंदा आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांपलीकडे जात नाही. तो ज्या कामाचा वारस आहे ते काम मात्र शेतीइतकंच जुनं आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी शेतकरी राहत होते. तिथलं जातं गोल फिरणारं नव्हतं. खोलगट दगडावर दाणे पसरायचे आणि गुडघे टेकून दुसरा दगड पुढेमागे रगडायचा. दोन तळ्यांचं फिरतं जातं दख्खनमध्ये आलं ते पुढे, सातवाहनांच्या सुमारास. ह. धी. संकलिया यांनी १९५९ साली या फिरत्या जात्यांवर स्वतंत्र लेख लिहिला होता. राजांच्या नाण्यांवर आणि लेण्यांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं. रोजच्या भाकरीच्या दगडाची दखल घ्यावीशी वाटली हा संकलियांचा मोठेपणा मला नेहमी जाणवतो.

माझ्या आजीचं जातं काळ्या पाषाणाचं होतं. सोलापूरकडच्या आमच्या गावी ते सोप्याच्या कोपऱ्यात, भिंतीपासून हातभर अंतर सोडून बसवलेलं होतं. खालची तळी मातीत घट्ट रोवलेली, मधोमध खीळ, वरच्या तळीच्या तोंडात लाकडी माकडी आणि कडेला बाभळीचा खुंटा. खुंटा वर्षानुवर्षं हात लागून इतका गुळगुळीत झाला होता की दिव्याच्या उजेडात चमकायचा. आजी एक पाय लांब करून बसायची. डाव्या हाताने मूठभर ज्वारी तोंडात सोडायची; या मुठीला वैरण म्हणतात आणि सोडण्याला वैरणं. वैरण जास्त झाली तर पीठ जाड येतं, कमी झाली तर दगडावर दगड घासून कचकच येते. ही मूठ तिने कधी मोजली नाही आणि ती कधी चुकलीही नाही. डाळ भरडायची असली की वरची तळी उचलून खिळीवर चिंधीचं कडं घालायची, तेवढ्याने दोन तळ्यांत फट राही आणि हरभऱ्याचं पीठ न होता डाळ व्हायची. दळण संपलं की कुंच्याने जात्याभोवतीचं पीठ गोळा करून, शेवटचा चिमूटभर थर बोटाने टिपून परातीत टाकायची. मग जात्यावर एक फडकं झाकायची. झोपलेल्या लेकराच्या अंगावर घालावं तसं.

हे मी पाहिलं ते सणासुदीला किंवा लग्नाघरी. रोजचं दळण तोवर गिरणीत जायला लागलं होतं. लग्नात मात्र जात्याला आंब्याची डहाळी आणि हळकुंड बांधायचं, सवाष्णींनी मिळून हळद दळायची, हे चुकत नव्हतं. ज्या दगडाने आजीच्या खांद्याची वाट लावली त्यालाच ती हळदीकुंकू वाहत असे. ओव्यांतून जात्याला ईश्वर म्हणून हाक मारलेली आहे. त्या हाकेत भक्ती किती आणि विनवणी किती, हा प्रश्न हे पुस्तक करताना माझ्या मनातून कधी गेला नाही.

ओवीचं वय मोठं आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, म्हणजे इ.स. ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. पुढे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी झाली ती ओवीतच. मराठीतला हा थोर ग्रंथ ज्या छंदात उभा राहिला तो छंद बायका उखळ-मुसळावर आणि जात्यावर आधीच गात होत्या. दख्खनच्या दुसऱ्या अंगालाही हेच दिसतं. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत दखनी भाषेतले चक्कीनामे आहेत, बायकांनी चक्की फिरवताना म्हणायचे. आपलं म्हणणं घराघरांत पोचवायचं तर ते दळणाऱ्या बाईच्या तोंडी बसलं पाहिजे, हे संत आणि सूफी दोघांनीही ओळखलं होतं.

पण या परंपरेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. जनाबाईची. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही जनाबाईचं जातं दाखवतात, वारकरी त्याचा खुंटा धरून एखादा फेरा घेतात. त्या जात्यापाशी विठ्ठल आला आणि दळू लागला, ही कथा मराठी मुलखात ठाऊक नाही असा माणूस विरळा. देवाने जनीला धन दिलं नाही, राज्य दिलं नाही. तो तिच्या समोर बसला आणि त्याने खुंट्याला हात लावला. कृपेची ही कल्पना ज्या बायकांनी सातशे वर्षं जपली, त्यांना पहाटे एकटीने जड जातं ओढणं काय असतं ते माहीत होतं. दोघी समोरासमोर बसल्या तर जातं हलकं होतं. दुसरा हात लागावा, एवढंच मागणं होतं.

हीच गोष्ट विसाव्या शतकात पुन्हा दिसते. हेमाडपंतांचं ‘श्री साई सच्चरित’ हेही ओवीबद्ध आहे, आणि ते सुरू होतं तेच जात्यापासून. शिर्डीत महामारीची साथ असताना साईबाबा मशिदीत जातं मांडून गहू दळायला बसतात. फकीर, एकटा जीव, त्याला पिठाचं काय काम म्हणून गावकरी गोळा होतात. चार बायका पुढे होऊन बाबांच्या हातून खुंटा काढून घेतात आणि गात गात दळून टाकतात. पीठ आपल्यालाच मिळणार असं त्यांना वाटतं, पण बाबा ते गावाच्या शिवेवर टाकायला लावतात. हा प्रसंग भक्तांनी अनेक अर्थांनी वाचला आहे. मी वाचते तेव्हा माझं लक्ष त्या पहिल्या क्षणावर अडकतं. पुरुष दळायला बसला की सगळ्या गावाला चुकल्यासारखं होतं आणि बायकांचे हात आपोआप पुढे येतात.

गांधीजींच्या आत्मकथेत जोहान्सबर्गच्या घरातला एक तपशील आहे. त्यांनी सात पौंडांना हाताने फिरवायची चक्की विकत घेतली. ती एकट्याला जड जाई, दोघांना सोपी. दळायचे ते स्वतः, मित्र पोलाक आणि मुलं. कस्तुरबा अधूनमधून हात लावत. पुढे १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याने हातसडीच्या तांदळासोबत हाताने दळलेल्या पिठाचाही आग्रह धरला. पिठाच्या गुणाबाबत ते बरोबरच बोलत होते. कोंडा-अंकुरासह सावकाश दळलेलं पीठ पौष्टिक असतं यात वाद नाही. पण जोहान्सबर्गच्या त्या घरात जे घडलं, पुरुषांनी खुंटा धरणं, ते प्रचारातून घराघरांत उतरलं नाही. सल्ला गावात पोचला तेव्हा तो पुन्हा बाईच्याच वाट्याला आला.

मराठीत ‘दळण-कांडण’ हा जोडशब्द कसा वापरला जातो ते पाहावं. ‘आईनं दळण-कांडण करून शिकवलं.’ चरित्रांत, सत्कारांच्या भाषणांत, मृत्युलेखांत हे वाक्य शेकडो वेळा येतं. नवरा गेलेली बाई दुसऱ्यांच्या घरचं दळायला जाई, पायलीमागे काही दाणे किंवा पैसे घेई आणि त्यावर लेकरं वाढवी. म्हणजे गिरणी येण्याआधी दळण्याचा धंदा अगदीच नव्हता असं नाही. होता, पण त्याला दुकान नव्हतं, पाटी नव्हती, आणि तो करावा लागणं हीच लाजिरवाणी गोष्ट मानली जाई. शिकून मोठ्या झालेल्या मुलाच्या कौतुकात त्या बाईच्या हाताचं कसब विरून जातं. किती बारीक दळायची, कुणाकडे दळायची, ज्वारीला किती वेळ लागायचा, हे कुणी विचारलं नाही.

ओव्यांच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान ठरलो. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या कामाला सारं आयुष्य दिलं. बहिणाबाई चौधरींनी तर घरोटावर बसूनच कविता रचली. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. नंतर पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन जात्यावरच्या ओव्यांचं जे काम केलं त्याला तोड नाही. एक हजाराहून अधिक गावं आणि एक लाखाहून अधिक ओव्या. आईबापाचा, भावाचा, सासुरवासाचा, पंढरीचा विषय त्यात आहेच, पण बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही आहेत. ज्या दगडाशी बसून सीतेचा वनवास गायचा, त्याच दगडाशी बसून आपल्या सुटकेचंही गायचं.

आता ज्या गोष्टीसाठी ही प्रस्तावना लिहायला घेतली तिच्याकडे येते. ओव्यांवर लिहिताना बहुतेक सगळे शेवटी एकाच जागी येऊन थांबतात: गिरणी आली आणि ओवी गेली. हे खरं आहे. मी स्वतः असं म्हटलेलं आहे, व्याख्यानात, गळा दाटून. एकदा आजीसमोर म्हटलं. ती म्हणाली, ‘‘बाई, तुला गाणं पाहिजे का माझा खांदा पाहिजे?’’ तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. गावात इंजिनची गिरणी सुरू झाली त्या वर्षी तिच्या पदरात तीन लेकरं होती आणि चौथं पोटात होतं. पहाटेचे दीड-दोन तास तिला परत मिळाले. त्या वेळात तिने काय केलं, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘झोपले.’’

तेव्हापासून गिरणीवाल्याकडे मी वेगळ्या नजरेने बघते. जनीच्या जात्याला विठ्ठलाने हात लावला होता, आजीच्या जात्याला गिरणीवाल्याने लावला. दळणावळ घेऊन लावला, हे कबूल. पण लावला.

ते दिवस डिझेल इंजिनांचे होते. साताऱ्याचं कूपर, पुण्याचं किर्लोस्कर, अशी नावं गावात माणसांच्या नावांसारखी घेतली जात. पत्र्याच्या खोलीत खड्डा खणून इंजिन बसवलेलं, शेजारी थंड पाण्याची टाकी. इंजिन तापलं की टाकीतलं पाणी कढत व्हायचं आणि थंडीच्या दिवसांत आम्ही पोरं बादल्या घेऊन तिथे हजर. हँडल मारून इंजिन चालू करायला दोन गडी लागायचे. एकदा सुरू झालं की त्याची पुकपुक दोन कोसांवर ऐकू जाई आणि शेतात खुरपणाऱ्या बाया म्हणायच्या, ‘गिरणी सुरू झाली गं, दळण टाकायचंय.’ लांब पट्ट्याने इंजिनाची गती दगडाला जायची. त्या पट्ट्याची भीती सगळ्यांना होती. पदर खोचल्याशिवाय बाईला आत येऊ द्यायचं नाही असा आमच्या गिरणीत नियम होता.

आणि मग तो हात. गिरणीवाला पिठाच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीखाली हात धरतो, पीठ अंगठा आणि पहिल्या बोटात घेऊन चोळतो आणि दुसऱ्या हाताने चाक किंचित फिरवतो. तेवढ्याने दोन दगडांमधलं अंतर बदलतं. पुन्हा चोळतो. तिसऱ्यांदा सहसा लागत नाही. या चोळण्यात त्याला काय कळतं ते मी अनेकांना विचारलं. दाण्यात ओल किती, ज्वारी यंदाची का गेल्या सालची, दगड धारेवर आहे का बोथटलाय, पीठ गरम येतंय का. हे सगळं त्या दोन बोटांत येतं. डोळ्यांचं काम तिथे नाहीच. आजीच्या डाव्या मुठीतलं कसब इथे दुसऱ्या एका माणसाच्या उजव्या हातात आलेलं होतं, आणि ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

‘‘वैनी, भाकरीला का धपाट्याला?’’ हा त्याचा पहिला प्रश्न. भाकरीला बारीक, धपाट्याला मिश्र आणि जरा जाडसर. पुरणपोळीची कणीक वेगळी. शेवयांचा रवा काढायचा तर त्यासाठी खपली गहू. भाजणी दळताना मध्ये दगड थांबवून चालत नाही. मोदकाची पिठी गव्हावर कधी दळायची नाही, आधीचा गहू तिच्यात उतरतो आणि पारीला चिरा जातात. म्हणून गिरणीत दळणांचा क्रम लावावा लागतो. ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू. बेसन शेवटी, कारण हरभऱ्याचा वास दगडात राहतो. एकादशीच्या किंवा नवरात्राच्या आधी राजगिरा, वरई येते तेव्हा दगड पुसून, कुणाच्या तरी उपासाच्याच दाण्यांतली पहिली मूठ बाजूला काढून मग दळायचं. पहिली मूठ कुणाची जाणार यावरून होणारी भांडणं मी पाहिली आहेत. हा सगळा क्रम गिरणीवाल्याच्या डोक्यात असतो. डबे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर खडूने खूण, आणि तरीही गर्दीत कुणाचा डबा कुठला हे तो झाकण बघून सांगतो.

गिरणी गल्लोगल्ली टिकली त्याचं एक कारण थेट धान्यात आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. ज्वारीचं पीठ ताजं असेल तरच त्याला विरी असते. आठ-पंधरा दिवसांनी विरी जाते आणि भाकरी थापताना कडेला फाटते. बाजरीत स्निग्धांश जास्त, तिचं पीठ लवकर कडू होतं. म्हणून सहा महिन्यांचं पीठ एकदम दळून ठेवण्याची सोय भाकरी खाणाऱ्या मुलखाला नाही. आठवड्याला दळण हा जो नेम आपल्या घरांत लागलेला आहे तो ज्वारी-बाजरीने लावलेला आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं कौतुक सगळे करतात, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती मालदांडी शिळ्या पिठातून खाल्ली तर तिच्यात आणि दुसऱ्या कुठल्याही ज्वारीत फरक कळणार नाही.

गिरणीने आणखी एक गोष्ट केली, फारशी न बोलता. आधी प्रत्येक घराचा दगड वेगळा होता. गिरणीत सगळ्या गावाचं धान्य एकाच दगडातून जाऊ लागलं. सोवळं पाळणाऱ्या घरांना हे रुचलं नाही. कुलाचाराच्या नैवेद्याचं पीठ घरच्याच जात्यावर दळण्याचा रिवाज कित्येक घरांत पुढेही चालू राहिला. दलित वस्तीतल्या बायांची पाटी शेवटी घ्यायची, बाहेर ठेवायला लावायची, असले प्रकार घडले. या पुस्तकासाठी बोलताना दोन-तीन म्हाताऱ्या गिरणीवाल्यांनी ते मान खाली घालून सांगितलं. हा जुना इतिहास झाला असं समजू नये. २०१६ साली उत्तराखंडातल्या बागेश्वर जिल्ह्यात गिरणी बाटवली म्हणून एका दलित माणसाचा जीव घेतला गेला. दगडाखाली सगळ्यांचे दाणे एक होतात, आणि काहींना नेमकं तेच सोसत नाही.

१९७२ च्या दुष्काळाशिवाय दळणाची कुठलीच हकिगत पुरी होत नाही. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळत होता. दिसायला ज्वारीसारखा, पण त्याची भाकरी ना थापता येई ना गिळता. दुष्काळी कामावरून आलेल्या बायका मिलोच्या पिशव्या घेऊन गिरणीत उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, ‘याचं काही करता येतं का?’ एका गिरणीवाल्याने मला सांगितलं, त्याने दगड होता तितका जवळ आणून ते दळून पाहिलं, दोनदा दळून पाहिलं, घरची मूठभर ज्वारी मिसळून पाहिली. दुसऱ्या दळणाचे पैसे त्या वर्षी त्याने घेतले नाहीत. हे त्याने सांगितलं ते ओघात. पाऊस कधी पडला ते सांगताना.

इंजिनाच्या गिरणीआधीचाही एक दळणारा महाराष्ट्रात होऊन गेला, त्याचा उल्लेख करायलाच हवा. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात, डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी उंचावरून सोडून त्याच्या जोरावर तिथे जातं फिरवलं जाई आणि दर्ग्यात उतरणाऱ्यांसाठी पीठ निघे. नहरीच्या पाण्यावर फिरणारं जातं! पर्यटक तिथल्या हौदातले मासे बघून परत जातात. माझं म्हणणं एवढंच की तिथे जाल तेव्हा मासे बघून झाल्यावर दोन मिनिटं त्या दगडापाशीही थांबावं.

आता दगडाला टाकी लावण्याविषयी. दळून दळून दगड गुळगुळीत होतो. जात्याच्या काळात टाकी लावणारे, वडार आणि टकारी समाजातले कारागीर, दारोदार हाक देत फिरत. टकारी हे नावच टाकीवरून आलं. छिन्नी-हातोडीने ते तळीवर बारीक टिंबं उठवत आणि जातं पुन्हा धारेवर येई. ही माणसं कुठल्या गावात किती दिवस मुक्काम करत, त्यांचं जेवण कोण देई, याची कुठेच नोंद नाही. गिरणीचा दगड एमरीचा, घडवलेला, पण त्यालाही टाकी लागतेच, आणि ती बहुतेक गिरणीवाले स्वतःच लावतात. गिरणी बंद ठेवायच्या दिवशी वरचा दगड उचलून उलटा ठेवायचा आणि मांडी घालून बसायचं. आतून बाहेर जाणारे चर पुन्हा खोल करायचे, मधल्या पट्ट्या खरखरीत करायच्या. एक घाव जोराचा पडला तर टवका उडतो आणि तो महिनाभर पिठात कचकच काढतो. चार-पाच तास लागतात. त्या कामात गिरणीवाल्याला पाहिलं की त्याच्या पापण्यांवरचं पांढरं पीठ आणि हातांवरची करडी दगडभुकटी वेगवेगळी दिसते.

ते पांढरं पीठ फुप्फुसांतही जातं. दमा हा या धंद्याचा जोडीदार आहे. मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यातले अर्धेअधिक वाक्याच्या मध्ये थांबून खोकत होते. तोंडाला फडकं बांधलं तर गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही, म्हणून ते बांधत नाहीत. जात्याने बायकांचे खांदे घेतले, गिरणीने या माणसांचा श्वास. आपल्या ताटातल्या भाकरीच्या मागे कुणाचं तरी शरीर झिजलेलं आहे, आधी एकीचं, मग एकाचं, हे लिहिताना माझा हात अडखळतो. तरी ते लिहिलंच पाहिजे.

आज गिरणीवाल्यांच्या बोलण्यात दोन काळज्या येतात. पाकिटातला आटा, आणि घरघंटी. शहरातल्या तरुण घरांना डबा घेऊन रांगेत उभं राहायला वेळ नाही. घरघंटी तर कपाटाएवढी, बटण दाबलं की चालते. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागांनी अनुदानावर लहान गिरण्या बायकांना दिल्या, आणि त्यातून एक सुंदर गोष्ट झाली: काही गावांत आता गिरणीवाली आहे. तिच्या नावाची पाटी आहे, दळणावळीचा दर लिहिलेला आहे. ज्या कामाला बलुत्यात जागा नव्हती त्याच कामाचे पैसे बाई हातात मोजून घेते. २०२० च्या टाळेबंदीत सगळं बंद असताना पिठाच्या गिरण्या चालू ठेवाव्या लागल्या, हेही या लोकांना अजून आठवतं. ‘‘तेव्हा कळलं आमचं काम,’’ असं एक जण म्हणाला आणि पुढे काही बोलला नाही.

या पुस्तकातल्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या तेव्हा पहिल्या काही दिवसांतलं सगळं वाया गेलं. दगड चालू असताना माणसाचा आवाज येतच नाही, नुसती घरघर. दगड थांबवा म्हणावं तर बाहेर पाच डबे रांगेत. शेवटी एका म्हाताऱ्या गिरणीवाल्याने सुचवलं, ‘‘ताई, टाकीच्या दिवशी या. हात कामात असतील, तोंड मोकळं.’’ तेव्हापासून आम्ही टाकीच्याच दिवशी जात राहिलो. त्यामुळे पुढच्या पानांतलं जवळजवळ सगळं बोलणं दगडावर टाकी चालू असताना झालेलं आहे. मुद्रण ऐकताना टक टक टक असा ठेका सतत येतो, शब्द त्याच्या मधून येतात, अगदी जात्याच्या घरघरीतून ओवी यायची तसे. कुठे कुठे टाकी थांबते. तिथे माणूस काहीतरी आठवत असतो. मजकूर उतरवताना अशा जागी मी कागदावर एक रिकामी ओळ सोडली आहे.